एका कानाचा आवाज कुठे जातो? तुटलेली तार शोधण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

हेडफोनच्या एकाच बाजूचा आवाज जाणं हा तसा तरुण बिघाड आहे. क्रिस्टल रेडिओ ऐकणाऱ्या पिढीला तो माहीतच नव्हता. त्यांचे हेडफोन बोलले तर दोन्हीकडून बोलायचे आणि मुके झाले तर दोन्हीकडून मुके व्हायचे. आज मात्र आमच्या कन्हानला तारसा रोडवरच्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसा, "दादा, एकच साइड चालू आहे" हे वाक्य कानावर पडणारच.

मी दुरुस्तीच्या इतिहासावर पीएचडी करतोय. यंत्र कोणी शोधलं, हा प्रश्न बऱ्याच जणांनी हाताळलाय. ते बिघडल्यावर कोणी काय केलं, यावर त्या मानानं कमी लिहिलं गेलंय. "यात पीएचडी करण्यासारखं काय आहे?" असं घरचेही विचारतात आणि बाहेरचेही. म्हणून आज मुद्दाम सगळ्यांच्या खिशातला बिघाड घेतोय. एक बाजू बंद पडली की दुकानातले काकाजी जे करतात (पिन बदलून बघतात, वायर वाकवून बघतात, दुसऱ्या फोनला लावतात), ती पद्धत त्यांनी यूट्यूबवरून उचललेली नाही. तिची मुळं तारखात्यात आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहेत. आणि ती पद्धत घडवण्यात भारतातल्या तारयंत्रांच्या लाइनींचा मोठा वाटा आहे.

आधी दोन कान वेगळे कधी झाले ते पाहू

१८८१ साली पॅरिसला विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. तिथे क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्यानं ऑपेराच्या रंगमंचावर डावी-उजवीकडे टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. ऐकणाऱ्यानं दोन रिसीव्हर दोन कानांना लावायचे. प्रत्येक कानाची तार वेगळी, त्यामुळे गायक रंगमंचावर कुठल्या बाजूला आहे तेही कळायचं. स्टिरिओ हा शब्द आवाजासाठी रूढ व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. एक कान जाणं आणि दुसरा चालू राहणं तेव्हापासून शक्य झालं.

पुढे रेडिओ आला. अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविननं १९१० च्या सुमारास बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलानं घेतले. आपल्याकडे २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्या काळच्या क्रिस्टल सेटला ना बॅटरी ना लाउडस्पीकर. येणारा आवाज इतका क्षीण की हेडफोनशिवाय ऐकूच यायचा नाही. त्या हेडफोनमधले दोन्ही रिसीव्हर बहुधा एकामागे एक जोडलेले असायचे, म्हणजे वीज डाव्या कानातून जाऊन उजव्या कानात शिरायची. दिवाळीच्या जुन्या लाइटच्या माळेसारखं समजा. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. १६ जुलै १९४८ ला आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हा लाउडस्पीकरवाले व्हॉल्व्हचे रेडिओ आले होते. गाणी घरभर आणि चौकात वाजायला लागली आणि हेडफोन बराच काळ मागे पडले.

ते परत आले स्टिरिओबरोबर. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइननं १९३१ मध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉसनं १९५८ मध्ये संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणले. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला आणि दोन वेगळे कान चालत्या माणसाच्या डोक्यावर बसले.

आता वायरीत तीन मार्ग लागायला लागले. एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा आणि तिसरा दोघांच्या परतीचा सामाईक. आपला बिघाड जन्मला तो इथे. तिघांपैकी कोणता मार्ग तुटला, यावर काय ऐकू येतं ते ठरतं.

पिनेवरच्या काळ्या रेघा

हेडफोनची पिन हातात घेऊन नीट बघा. धातूच्या दांड्यावर दोन किंवा तीन काळ्या रेघा दिसतील. दोन धातूंचा एकमेकांना स्पर्श होऊ नये म्हणून घातलेल्या त्या रोधक कड्या. दोन रेघा म्हणजे तीन भाग: टोकाला डावा कान, मधल्या कडीला उजवा, बुडाला सामाईक परतीची तार. तीन रेघा असतील तर चौथा भाग माइकचा.

ही पिन संगीतासाठी जन्मलीच नव्हती. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनला पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडायची तर हजारो वेळा घालता-काढता येईल असं काहीतरी हवं होतं. त्याच सुमारास चार्ल्स स्क्रिब्नरनं जे स्विच बनवलं ते मिटणाऱ्या चाकूसारखं दिसायचं. असल्या चाकूला इंग्रजीत जॅकनाइफ म्हणतात. आपण आजही 'जॅक खराब झाला' म्हणतो तो शब्द तिथला. पुढे एक्स्चेंजची पाव इंच जाडीची पिन ठरून गेली. आपल्या फोनची साडेतीन मिलिमीटरची पिन म्हणजे तिची धाकटी नात.

भारतात २८ जानेवारी १८८२ ला कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. ऑपरेटर दिवसभर दोरीसारख्या वायरींच्या पिना खोचायचे आणि उपसायचे. वायर मधोमध क्वचित तुटायची. ती तुटायची पिनेच्या मानेशी, कारण सगळा वाक तिथेच पडतो. आपल्या इअरफोनची वायरही बहुतेक वेळा तिथेच तुटते, आणि कारणही तेच. तांब्याचे केसाएवढे बारीक तंतू एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकले की एकेक करून तुटत जातात. शेवटचा तुटायच्या बेतात असतो तेव्हा आवाज येतो-जातो. म्हणून वायर धरून ठेवली की चालू आणि सोडली की बंद.

या एक्स्चेंजमधली आणखी एक पद्धत मला फार आवडते. मोठ्या बोर्डावर एकाच ग्राहकाची तार अनेक ऑपरेटरांपुढे असायची. ती आधीच कोणी जोडली आहे का हे कळायला ऑपरेटर पिनेचं टोक त्या भोकाच्या काठाला नुसतं टेकवायची. लाइन गुंतलेली असेल तर तिच्या कानात 'टक्' वाजायचं. डोळ्यांनी न दिसणारी गोष्ट कानांनी तपासणं हे तिच्या रोजच्या कामातच होतं.

जागेवर न जाता बिघाड शोधणं

आता टेलिफोनच्याही मागे जाऊ. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरनं १८३९ मध्ये मैलोगणती तार टांगून विजेनं संदेश पाठवायचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन सुरू झाली आणि १८५४ पर्यंत तार कलकत्त्याहून आग्र्यामार्गे मुंबईला पोहोचली. शेकडो मैल जंगल, नद्या, वादळं, तारेवर पडणारी झाडं. लाइन बंद पडली की माणूस पाठवायचा, पण पाठवायचा कुठे?

समजा, नागपूरहून भंडारा रोडपर्यंत रेल्वेची तारलाइन आहे आणि ती मुकी झाली. (आमच्या भागात १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं आधीची नागपूर-छत्तीसगढ मीटरगेज लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. कन्हान स्टेशन त्याच मार्गावर आहे.) नागपूरचा तारमास्तर कामठीला हाक देतो. उत्तर येतं. मग कन्हानला देतो. उत्तर नाही. म्हणजे बिघाड कामठी आणि कन्हानच्या मध्ये, बहुधा नदीच्या टप्प्यात. आता लाइनमनला भंडाऱ्यापर्यंत चालायची गरज उरली नाही. अख्ख्या लाइनीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला प्रश्न विचारायचा आणि संशयाची जागा कमी करत आणायची. सगळी पद्धत एवढीच.

मधे स्टेशनच नसेल तर? मग मोजमाप कामाला येतं. ठरावीक जाडीच्या एक मैल तारेचा विजेला होणारा रोध ठाऊक असतो. तार तुटून जमिनीला टेकली असेल तर या टोकापासून त्या जागेपर्यंतचा रोध मोजायचा आणि मैलांत हिशोब मांडायचा. जमिनीचा स्वतःचा रोध मधे येऊन हिशोब बिघडवतो, म्हणून दोन्ही टोकांकडून मोजायचं किंवा शेजारची चांगली तार जोडून वळसा तयार करायचा. व्हीटस्टन ब्रिज नावाचं मोजमापाचं जोडकाम यासाठी वापरात होतं. भारतीय तारखात्यात ही तपासणी शिस्तीत बसवण्याचं मोठं काम लुई श्वेंडलर या जर्मन अभियंत्यानं केलं. तारेच्या लाइनी कशा तपासायच्या यावरचं त्याचं सविस्तर पुस्तक भारतातल्याच कामातून उभं राहिलं आणि १८७० च्या दशकात छापलं गेलं. (कलकत्त्याचं अलीपूरचं प्राणिसंग्रहालय उभारण्यातही याच माणसाचा पुढाकार होता. इतिहासात अशी माणसं भेटली की मूळ विषय बाजूला ठेवावासा वाटतो.)

तपासणीची शिस्त नसली तर काय होतं, याचं सगळ्यांत महागडं उदाहरण अटलांटिक महासागराच्या तळाशी आहे. १८५८ मध्ये युरोप-अमेरिका जोडणारी पहिली केबल पडली. संकेत क्षीण येत होते. वाइल्डमन व्हाइटहाउसनं बिघाड शोधण्याऐवजी दाब वाढवला, सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत. मुळात सदोष असलेली ती केबल काही आठवड्यांतच कायमची मेली. एक बाजू गेली म्हणून आपण आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवतो, तेव्हा थोडंफार हेच चाललेलं असतं. तुटलेली बाजू त्यानं चालू होत नाही, चांगल्या कानावर मात्र भार पडतो.

तारमास्तराची पद्धत घरी

आता हीच पद्धत आपल्या हेडफोनला लावू. क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक पायरीला संशयाची जागा कमी झाली पाहिजे.

१. कान बदला. डावा बड उजव्या कानात घाला, उजवा डाव्यात. शांतता बडबरोबर सरकली तर दोष यंत्राचा. शांतता त्याच कानात राहिली तर दोष कानाचा. मळ साचला असेल तर डॉक्टर तो सहज काढतात. आगकाडी किंवा पिन घालून स्वतः कोरू नका. पण एका कानाचं ऐकू येणं एकाएकी, एक-दोन दिवसांत कमी झालं असेल, त्या कानात घूं घूं होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा. अशा अचानक येणाऱ्या बहिरेपणात पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. 'नवीन हेडफोन घेऊन बघू' म्हणत दोन आठवडे घालवू नका. या अख्ख्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

२. फोन बदला. तेच हेडफोन दुसऱ्या फोनला लावा. तिथे दोन्ही बाजू चालल्या तर हेडफोन सुटले. मग आपल्या फोनच्या ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स एका बाजूला सरकलाय का बघा. खिशातल्या खिशात असं होतं.

३. जॅक बघा. पिन पूर्ण आत जात नसेल तर खाली कापसाचं बोंद किंवा धूळ दबलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच काढा. सुई किंवा धातूची पिन नको.

४. वायरीला स्टेशनं पाडा. गाणं चालू ठेवून आधी पिनेची मान हलवा, मग वायर दोन फांद्यांत फुटते ती जागा, मग कानाजवळचा भाग. जिथे आवाज खरखरत परत येतो तिथे तुमची नदी.

५. गायक गायब झाला का? हा बिघाड भारी फसवा आहे. दोन्ही बाजू चालू, वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. इथे सामाईक परतीची तार तुटलेली असते. वीज मग एका कानातून दुसऱ्या कानात शिरते आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच ठेवतात, म्हणून तोच कटतो. खात्री करायची तर १९५० च्या दशकातलं एखादं लतादीदींचं गाणं लावा. ते मोनो ध्वनिमुद्रण, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. परतीची तार तुटली असेल तर जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. मात्र चार भागांची पिन असेल आणि माइकचं बटण दाबून धरल्यावर आवाज नीट होत असेल, तर तार शाबूत आहे. त्या फोनची आणि हेडफोनची परत-माइकची जागा उलटसुलट आहे, एवढंच.

जागा सापडली की उरतं ते डाग मारायचं काम. तुटलेल्या भागाच्या मागे वायर कापायची आणि नवी पिन लावायची. सहसा लाल वायर उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची सामाईक. या रंगीत तंतूंवर लाखेसारखा रोधक थर असतो. तो जाळल्याशिवाय कथील धरत नाही. घरी केलेलं काम फसतं ते बहुतेक इथेच. दुकानातले काकाजी सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथलाचा थेंब घेऊन त्यात वायरीचं टोक बुडवून धरतात. थर जळतो आणि कथीलही चढतं.

दुरुस्ती होईपर्यंत सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू करा. डावा-उजवा आवाज एकत्र होऊन चालू बाजूला येतो. लेक्चर ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढं पुरतं. एकाच कानानं ऐकू येणाऱ्यांसाठी तर ही सोय कायमची आहे.

आणि वायरच नसेल तर?

२०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून हेडफोनची पिन काढून टाकली आणि पुढे इतर कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. आता दोन सुटे बड, प्रत्येकात स्वतःची बॅटरी आणि रेडिओ. इथेही एक बाजू जाते, पण कारणं वेगळी. डबीतल्या चार्जिंगच्या टोकांवर मळ बसून एक बड चार्जच होत नाही, जाळीत कानातला मळ अडकतो किंवा दोन बडांची आपसातली जोडी तुटते. टोकं कोरड्या कापडानं पुसा, जाळी मऊ ब्रशनं झाडा, फोनमधून नाव काढून पुन्हा जोडा. कान बदलण्याची आणि फोन बदलण्याची पायरी इथेही जशीच्या तशी चालते.

एवढं करून नाही जमलं तर मात्र वाट बंद. चिकटवून टाकलेलं प्लास्टिक, आत शेंगदाण्याएवढी बॅटरी. बिघाड कुठे आहे हे काकाजींना कळतं, पण तिथवर हात पोहोचत नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठीचं पोर्टलही सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. चांगलंच आहे. पण माझी काळजी थोडी वेगळी आहे. उघडता येणारी वस्तूच उरली नाही तर बिघाडाला प्रश्न विचारत जाण्याची सवय पुढच्या पोरांना लागणार कुठून? आज चाळिशी-पन्नाशीतल्या दुकानदारांनी ती रेडिओ, टेपरेकॉर्डर, वॉकमन उघडत उघडत कमावली. सीलबंद बडवर ती कमावता येत नाही.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. लाइन टेस्टिंग केलेली, हातानं जोडणाऱ्या एक्स्चेंजवर किंवा रेल्वेच्या तारघरात बसलेली माणसं आज निवृत्त आहेत, आणि त्यांच्या कामाची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. तुमच्या घरी, नात्यात, कामठी-कन्हान-रामटेक पट्ट्यात असे कोणी असतील तर मला जरूर कळवा. तार कुठे तुटली हे त्यांना कसं कळायचं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचंय. मी घरी येऊन भेटेन.